उजेडात धरून बघणारा अण्णामामा

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी शाळेत निघायच्या गडबडीत होते. सटाण्याला आमच्या घरी सकाळी साडेनऊला फोन वाजला, की तो बहुधा कांद्याच्या भावाचा असतो. म्हणून तो न ऐकताच मी यांच्या हातात द्यायला निघाले होते. पलीकडून मिलिंद एवढंच म्हणाला, "ताई, अण्णा गेले." मिलिंद हा माझा मामेभाऊ. मामाला त्याच्या मुलासकट सगळं घर अण्णाच म्हणे, मी एकटी अण्णामामा म्हणायचे. चहा पिऊन गॅलरीत पेपर वाचत बसला होता, मामी कप उचलायला गेली तर मान कललेली. चौऱ्याहत्तर वर्षं, अंथरूण नाही, दवाखाना नाही. सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस. ते खरंच असावं, पण जीपमध्ये बसून नाशिकला येताना मला त्या शब्दाचा काही उपयोग होत नव्हता. देवळ्यापर्यंत मी रडत होते. देवळ्याच्या पुढे मात्र मला एकदम नामपूरच्या माणसांचं माहेरच्या ओट्यावर मला बघायला येणं आठवलं आणि चक्क हसू आलं. यांनी माझ्याकडे काळजीनं बघितलं. मी म्हटलं, "काही नाही, मामा आठवला." गेले पाच आठवडे हे असंच चाललं आहे. मामा आठवला की आधी हसू येतं, बाकीचं मागाहून.

मेन रोडला लागून असलेल्या एका बोळात मामाचं मॅचिंग सेंटर होतं. नव्वद सालाच्या आसपास मी शाळेत होते. मखमलाबादच्या आमच्या मळ्यातून वडील पहाटे फुलं घेऊन बाजारात यायचे. सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर यायचे आणि दिवसभर मामाच्या दुकानात बसायचे. दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली. तिन्ही भिंतींना छतापर्यंत ब्लाउजपीसचे, अस्तराचे आणि फॉलचे गठ्ठे. नुसत्या हिरव्याचे तीस-पस्तीस प्रकार होते आणि मामाला ते नावानं नव्हे, जागेनं पाठ होते. बायका पिशवीतून साडी काढून काउंटरवर टाकायच्या. मामा एका नजरेत तीन ठाण खाली काढायचा, पण कात्रीला हात लावायचा नाही. साडीचा पदर हातावर घेऊन तो पायरीवर जायचा, मागून ती बाई आणि तिच्यामागून मी. रस्त्यावर सायकली, रिक्षा, कुणाचा तरी धक्का… आणि मामा त्या सगळ्यात उभा राहून कापड पदराला लावून उजेडात धरायचा. "ट्यूबखाली सगळंच जुळतं," तो म्हणायचा. "लग्नाला तुम्ही ट्यूब घेऊन जाणार आहात का?" दुकानाच्या आतल्या खुंटीला पांढऱ्या धोतराचा एक तुकडा टांगलेला असायचा. तीन-चार रंग बघून झाले, की मामा त्या तुकड्याकडे क्षणभर बघत राहायचा. मी एकदा विचारलं, हे काय करतोस? तर म्हणाला, "डोळ्यांनी चूळ भरतोय."

पुढे गुडघे बोलायला लागले. दिवसातून शंभर वेळा स्टुलावर चढणं-उतरणं जमेना, तेव्हा त्यानं दुकान पुतण्याकडे सोपवलं आणि गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये घरी बसला. घरी बसलेला मामा हे मामीला न झेपणारं प्रकरण होतं. तो फोडणीचा रंग बघायला स्वयंपाकघरात यायचा. मिलिंद तेव्हा नुकताच पुण्यात नोकरीला लागला होता. त्यानं आईची दया येऊन घरी एक कॉम्प्युटर, स्कॅनर आणि फोटो छापणारा इंकजेट प्रिंटर आणून ठेवला. जुने फोटो स्कॅन करा, छापा, वेळ जाईल, म्हणाला. मिलिंद पुण्याला परत गेला त्याच दिवशी मामानं आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो छापला. त्यात मामी कैरीसारखी हिरवी आली होती. मामी म्हणाली, "मला काय विंचू चावलाय का?" मामानं दुसरी प्रत काढली, तीही हिरवी. मग त्यानं प्रिंटर जिथून घेतला तिथं फोन लावला. तिथला मुलगा म्हणाला, "काका, घरच्या प्रिंटरला एवढं चालायचंच. उन्नीस-बीस असतं." मामाला आयुष्यात कुणी उन्नीस-बीस म्हणालं नव्हतं. त्यानं फोन ठेवला आणि चष्मा पुसला. मला वाटतं, त्या क्षणी त्याला पुढच्या सात-आठ वर्षांचं काम मिळालं.

हिरवेपणाचं कारण साधं निघालं. प्रिंटरच्या ज्या बारीक छिद्रांतून शाई येते, त्यातली गुलाबी शाईची छिद्रं पहिल्यापासूनच बुजलेली होती. ती साफ करायची सोय प्रिंटरमध्येच होती. पण तेवढ्यानं मामाचं समाधान होणार नव्हतं. पडद्यावर दिसतो तो रंग कागदावर का येत नाही, याचा त्यानं पाठलाग सुरू केला. मिलिंदनं फोनवर समजावलं, की पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला तो बाहेरून घ्यावा लागतो. मामाला हे लगेच पटलं. त्यानं पडद्याचा उजेड निम्मा केला. चकचकीत फोटोपेपर घालून प्रिंटरला मात्र साधा कागद सांगितलेला राहिला, तर सगळे रंग बिघडतात, हे त्याला दहा कागद वाया गेल्यावर कळलं. ताजी प्रत आणि वाळलेली प्रत यांत फरक पडतो, हेही कळलं, कारण संध्याकाळी पास केलेला फोटो सकाळी त्याला लालसर दिसला आणि तो मामीवर संशय घेऊ लागला. मग त्यानं दुकानातून कापडाची जुनी शेडकार्डं मागवली. एकेक कार्ड स्कॅनरच्या काचेवर पालथं घालून तो छापायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि सकाळी गॅलरीत कापड आणि कागद शेजारी धरून बघायचा. रंग तपासताना अंगात पांढरा शर्टच घालायचा, कारण रंगीत शर्टाची झाक कागदावर पडते. त्याची सगळ्यात आवडती परीक्षा मात्र वेगळीच होती. तो आजोबांचा एक काळा-पांढरा फोटो रंगीत शायांनी छापायचा. "लाल-निळ्यात चूक लपते," तो मला म्हणाला होता. "करड्यात लपत नाही. करडा जरा जरी गुलाबी झाला तरी पोरगंसुद्धा ओळखतं." हळूहळू सोसायटीतले लोक फोटो घेऊन यायला लागले. मामा कुणाकडून काही घ्यायचा नाही. फक्त प्रत दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत उभं राहून घ्यावी लागायची.

आता माझं सांगते. तोवर मी बी.ए., डी.एड. झाले होते आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. मी काळी आहे. सावळी वगैरे म्हणायची पद्धत असते, पण मामा शब्दांच्या बाबतीतसुद्धा ट्यूबखाली बघायचा नाही आणि मलाही ती सवय लागली. आईनं मला एका चांगल्या स्टुडिओत नेऊन फोटो काढला होता. त्या फोटोत मी पेढ्यासारखी गोरी दिसत होते. तो बघून दोन घरची माणसं आली, पोहे खाऊन गेली. दुसऱ्या वेळी मामा हजर होता. मी ट्रे घेऊन आत वळले तेव्हा मुलाची मावशी मुलाच्या आईला हळूच म्हणाली, "फोटोत वेगळी दिसत होती गं." हळूच म्हणाली, तरी ते मला ऐकू आलं आणि मामालाही. पाहुणे गेल्यावर मामानं तो फोटो मागून घेतला, ओट्यावर नेला, मला हाक मारली आणि माझ्या गालाशी धरला. बराच वेळ बघून आईला म्हणाला, "ही आपली सुमन नाही. हिचं लग्न जमवायचं तर खुशाल जमव, पण मग सुमनचं काय करायचं?"

आई भडकली. म्हणाली, "अण्णा, पोरीच्या लग्नात तुझे प्रयोग नकोत." मामा म्हणाला, "मी तिला काळी करणार नाही आणि गोरीही करणार नाही. आहे तशी छापणार."  वडील मळ्यातल्या भाषेत एवढंच म्हणाले, "करू दे त्याला. आपण टोपलीत वर टवटवीत न् खाली चुरगळलेली अशी फुलं भरत नाय ना कधी."

फोटो मामानं आमच्या मळ्यातच काढला. सकाळी, विहिरीजवळच्या आंब्याच्या बाजूला, पण झाडाखाली नाही, कारण पानांचा हिरवा तोंडावर येतो. साडी मोतिया रंगाची. रोल धुऊन आणला, त्यातला एक फोटो स्कॅन केला आणि मग दोन दिवस मी गंगापूर रोडला मुक्कामाला. मामा छापायचा आणि मला गॅलरीतल्या स्टुलावर बसवायचा. पहिल्या प्रतीत मी वीटभट्टीतून आल्यासारखी तांबडी. दुसरीत हिरवट, आजारी. तिसरी पुष्कळ जवळ आली. मामानं ती वाळत ठेवली आणि मी कधीपासून मनात घोळत असलेलं बोलून टाकलं. मान खाली घालूनच म्हटलं, "मामा, थोडी उजळ केलीस तर चालेल. अगदी थोडी. कुणाला कळणार नाही."

 मामा आत जाऊन पाणी पिऊन आला. मग माझ्यासमोर खाली जमिनीवर बसला, त्या गुडघ्यांनी. म्हणाला, "दुकानात बायका यायच्या बघ. साडीला जुळणारा रंग समोर असायचा, पण एखादीला शेजारचा फिका आवडायचा. तोच द्या म्हणायची. मी द्यायचो नाही. का? कारण ती घरी जाऊन साडीला लावून बघणार, आणि दुसऱ्या दिवशी परत येणार. परत येणारं कापड मी कधी फाडलं नाही, सुमे." गुडघा चोळत म्हणाला, "आणि तू तर कापडही नाहीस. तू परत आलीस, तर त्या माणसांचं काही जाणार नाही, तुझं जाईल." मी रडले. मामी आतून ओरडली, "पोरीला रडवलंत ना शेवटी?" मामा म्हणाला, "रडू दे, पण डोळे सुजण्याआधी चौथी प्रत बघून घेऊ." चौथी प्रत दुसऱ्या दिवशी सकाळी पास झाली. तिच्यात मी मला पहिल्यांदा दिसले. काळी, रुंद कपाळाची, जराशी हट्टी. आणि मला आठवतं, मला ती मुलगी आवडली होती.

पण ती इतर कुणाला आवडेना. आठ-दहा ठिकाणी फोटो गेला. निम्म्यांनी उत्तर दिलं नाही, दोघांनी पोस्टानं परत पाठवला. चार महिने गेले. आई माझ्याशी बोलताना मामाचं नाव घ्यायची नाही, मामाशी बोलताना माझं. मग तिनं कुणाला न सांगता कपाटातून तो पेढ्यासारखा फोटो काढला आणि एका मध्यस्थाच्या हाती नामपूरच्या एका घरी पाठवला, पत्रिका आणि सगळी माहिती जोडून. योगायोग असा, की मामाचा सटाण्याचा एक जुना कापडव्यापारी मित्र होता, त्यानं त्याच आठवड्यात मामानं छापलेली प्रत त्याच घरी नेऊन दिली होती. त्या प्रतीच्या मागे फक्त आमचं आडनाव आणि मखमलाबाद एवढंच लिहिलेलं. एकाचं दुसऱ्याला माहीत नव्हतं.

नामपूरची माणसं आली ती जीप भरून. मुलगा, त्याचे वडील, आई आणि एक काका. घर कांद्याच्या व्यापारातलं. ओट्यावर सतरंजी टाकली होती, मामा-मामी आले होते. मी पाणी घेऊन बाहेर आले. मुलाच्या आईनं माझ्याकडे बघितलं, समाधानानं मान हलवली आणि पाण्याचा पेला खाली ठेवून आईला अहिराणीत विचारलं, "आनि दुसरी पोर कोठे शे?"

आई म्हणाली, "दुसरी कोण?"

त्यांनी पिशवीतून दोन्ही फोटो काढून सतरंजीवर शेजारी-शेजारी ठेवले. "दोन्ही बहिनी शेतस ना? ही सुमन," त्यांनी स्टुडिओच्या फोटोवर बोट ठेवलं. "आनि ही जी आता पानी घी उनी, तिनं नाव काय?"

ओट्यावर एकदम विहिरीवरची मोटार ऐकू यायला लागली. आईचा चेहरा स्टुडिओतल्या माझ्यापेक्षा पांढरा पडला होता. वडील छताकडे बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "मी एकुलती एक आहे. दोन्ही फोटो माझेच आहेत." काका मोठ्यानं हसायला लागले. मुलाचे वडील काही तरी बोलणार होते, पण मुलाच्या आईनं हात करून त्यांना थांबवलं. त्या उठल्या, दोन्ही फोटो घेतले आणि मला म्हणाल्या, "चाल, उजेडमा." ओट्याच्या कडेला ऊन होतं. तिथं मला उभं करून त्यांनी आधी स्टुडिओचा फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला आणि तो सरळ आईकडे परत दिला. मग मामाची प्रत धरली. लिलावात कांद्याचा वक्कल, म्हणजे ढीग, बघताना व्यापारी ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं त्यांनी एकदा कागद, एकदा मला, असं तीनदा बघितलं. म्हणाल्या, "फोटोमा जशी शे, तशीच शे पोर." मग मुलाकडे बोट करून, "आम्ही हिलेच दखाले येल व्हतूत. हाऊ फोटो यानी उशीखाले ठेयेल शे." हिलाच बघायला आलो होतो, हे आणि उशीखालच्या फोटोचं आईनं असं सांगून टाकताच मुलगा लाजेनं सतरंजीच्या दशा ओढायला लागला. ते म्हणजे हे.

लग्न ठरलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. मामाला मात्र लग्न ठरल्याचा आनंद दुसऱ्या नंबरचा होता. पुढचे कित्येक दिवस सोसायटीत जो भेटेल त्याला तो सांगत होता, "नामपूरच्या बाईंनी उन्हात धरून पास केला." काय पास केलं, हे सांगायचं त्याच्या लक्षातच यायचं नाही. लोकांना वाटायचं, भाचीनं कसली तरी परीक्षा दिली आहे.

त्याची खरी परीक्षा चार-पाच वर्षांनी झाली, तीही मी पाहिली म्हणून लिहिते. मामाच्या छपाईवर तोवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. एक मामी सोडून. ती फरशी पुसता-पुसता म्हणायची, "अलीकडे तुमचे फोटो निळसर येतात हो." मामा म्हणायचा, "तुला नाही कळत त्यातलं." मग त्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी मी तिथंच होते. मामा घरी आला, गॅलरीत गेला आणि समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत उभा राहिला. "ही टाकी कधी रंगवली?" त्यानं विचारलं. मामी म्हणाली, "कधीच नाही. पहिल्यापासून निळीच आहे." मामानं एक डोळा झाकला, मग दुसरा. परत पहिला. मग आत जाऊन मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रती काढल्या आणि गॅलरीत पसरून बसला. मोतीबिंदूनं डोळ्यासमोर पिवळट पडदा आला होता, निळ्यातला फरकच त्याला दिसेनासा झाला होता आणि निळा जास्त पडत गेला होता. वधूचे फोटो, बारशाचे फोटो, एका आजोबांचा हार घालायचा फोटो… सगळ्यांवर हलकी निळी झाक.

मला वाटलं, तो आता प्रिंटर बंद करून ठेवेल. पण त्यानं त्या सगळ्या प्रती गोळा केल्या. मग उठून डायरी घेतली आणि एकेका घरी फोन लावायला बसला. "मी छापलेला फोटो चुकलाय. परत छापून देतो. नाही, तुम्हाला बरा वाटत असेल, पण चुकलाय." बहुतेकांना काही दिसलंच नव्हतं. एका बाईंनी तर विनवलं, की आमच्या ह्यांचा निळा फोटोच राहू द्या, त्यात ते शांत दिसतात. मामानं तेवढा एक राहू दिला. बाकीचे सगळे, महिनाभर खपून, पुन्हा छापले. आणि त्यानंतर एकही प्रत मामीला दाखवल्याशिवाय घराबाहेर गेली नाही. पहिल्या दिवशी तो मामीसमोर फोटो धरून उभा राहिला तेव्हा म्हणाला, "बघ गं. माझं चुकलं होतं." मामीनं पदराला हात पुसले आणि एवढी मोठी संधी असूनही, "थोडा पिवळा हवा," याखेरीज ती काहीच बोलली नाही. तेव्हापासून ती दोघं सकाळी गॅलरीत कठड्याशी शेजारी-शेजारी उभी दिसायची. तो कागद धरायचा, ती सांगायची.

परवाच्या रविवारी मी मामीकडे गेले होते. प्रिंटरवर तिनं टॉवेल टाकला आहे, कॉम्प्युटर मिलिंद नेणार आहे. आम्ही भाजी निवडत होतो तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीलवहिनी आल्या. त्यांच्या मुलीनं घरी नवा प्रिंटर घेतला आहे. हातात फोटो होता, पण पुढे करायला त्या संकोचत होत्या. "वेळ नाही ही, कळतंय मला… पण चेहरे कसेतरीच आलेत. अण्णा असते तर विचारलं असतं."

मामी म्हणाली, "ते नाहीत आता." आणि गवारीच्या दोन शेंगा मोडल्या. मग तिनं तिसरी मोडली नाही. हात धुतले, फोटो घेतला आणि गॅलरीत गेली. आधी समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे थोडा वेळ बघत राहिली, मग कागदाकडे. "जांभळा आहे," ती आतपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली. "आणि ओला बघितलात. सकाळपर्यंत इथंच वाळू द्या, मग या." वहिनी बरं म्हणून जिना उतरून गेल्या. मामी फोटो हातात घेऊन तशीच उभी होती. गॅलरी सगळी रिकामी होती, तरी ती कठड्याच्या एका कडेला, उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा सोडून उभी होती.